ऐन हंगामात आलेले समन्स : एजवेअरच्या मराठी घरात ज्यूरीचे बोलावणे

दारातल्या पायपुसण्यावर पडणाऱ्या पत्रांत आता धास्ती वाटावी असे फारसे काही उरलेले नाही. बँक मोबाइलवर बोलते, शाळा ईमेलवर बोलते, आणि कौन्सिल टॅक्सचे बिल कधी येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तरीही एक लिफाफा असा आहे की तो उघडताच घरातले सगळे क्षणभर गप्प होतात. ज्यूरी सेंट्रल समनिंग ब्यूरो या कार्यालयाकडून आलेले हे समन्स ठराविक तारखेपासून अमुक क्राउन कोर्टात हजर राहण्यास सांगते. त्याची भाषा सभ्य असते, पण ते निमंत्रण नसते. उत्तर ७ दिवसांत द्यावे लागते, आणि उत्तर दिले नाही किंवा बोलावलेल्या दिवशी गेले नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

समजा, एजवेअरमध्ये राहणारी एक मराठी अकाउंटंट आहे. घरातल्या पुढच्या खोलीत तिचे कार्यालय. एजवेअर, स्टॅनमोर, बर्न्ट ओक, हॅरो या भागांतील साठसत्तर कुटुंबांचे आणि छोट्या व्यावसायिकांचे कर-विवरण ती भरते. या देशात स्वतःचे विवरणपत्र ऑनलाइन भरण्याची आणि कर चुकता करण्याचीही अखेरची तारीख ३१ जानेवारी. दिवाळीपासून आठवण करून दिलेल्या ग्राहकांपैकी निम्मे लोक कागदपत्रे घेऊन उगवतात ते नाताळानंतर. तारीख चुकली की दर माणशी १०० पौंडांचा दंड आपोआप लागतो. अशा वेळी समन्सावर तारीख असते जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारची. लग्नसराईत आचाऱ्याला किंवा परीक्षांच्या तोंडावर शिक्षकाला असे बोलावणे आले, तर त्यांची अवस्था याहून वेगळी नसेल.

आपल्या मंडळींत अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो ‘यातून सुटायचे कसे?’ हा. दुसरा प्रश्न थोड्या वेळाने येतो : ‘पण मलाच का बोलावले? मी तर इथला नागरिकही नाही.’ दुसऱ्याचे उत्तर आधी पाहू, कारण ते पुष्कळांना चकित करते.

मतदार यादी आणि भारतीय पारपत्र

इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्यूरीत कोणी बसावे हे १९७४ च्या ज्यूरीज ॲक्टने ठरते. (स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत, तिथे ज्यूरीही १५ जणांची असते.) वय १८ ते ७५, मतदार यादीत नाव, आणि वयाच्या १३ व्या वर्षानंतर केव्हातरी या देशात सलग किमान ५ वर्षांचे वास्तव्य, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. वयाची वरची मर्यादा पूर्वी ७० होती. १ डिसेंबर २०१६ पासून ती ७५ झाली. ब्रिटिश नागरिकत्वाचा उल्लेख या अटींत नाही.

भारतीय नागरिक हा कॉमनवेल्थचा नागरिक असल्याने, वैध वास्तव्याचा परवाना असेल तर त्याला इथल्या सर्व निवडणुकांत मतदान करता येते आणि म्हणून मतदार यादीत नाव घालता येते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते घातलेलेही असते. खरे सांगायचे तर लोकशाहीच्या प्रेमापोटी घातलेले असते असे नाही. घरासाठी कर्ज काढताना पत-तपासणीत मतदार यादीतील नावाचा उपयोग होतो, हे कोणीतरी ऑफिसात सांगितलेले असते. मग पाच वर्षे उलटतात आणि निळे पारपत्र खिशात असलेल्या नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला लंडनच्या कोर्टात गुन्हेगारी खटल्याचा निकाल द्यायला बोलावले जाते. मतदार यादीची ‘खुली’ प्रत, जी व्यापारी कंपन्यांना विकत मिळते, तिच्यातून नाव काढून घेतले म्हणून यातून सुटका होत नाही. ज्यूरीची निवड पूर्ण यादीतून होते, आणि ती संगणक यदृच्छेने करतो. त्यामुळे कोणाला तीन वेळा बोलावणे येते, तर कोणाला जन्मभरात एकदाही नाही. हे न्याय्य नाही, पण यदृच्छा याच नावाने ओळखली जाते.

डॉक्टर, वकील, न्यायाधीश, धर्मगुरू यांना पूर्वी ज्यूरीतून वगळलेले असे किंवा मागताच सूट मिळे. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने त्या बहुतेक सवलती काढून टाकल्या, आणि २००४ च्या एप्रिलपासून न्यायाधीशालाही समन्स येऊ शकते. ‘मी रुग्णालयात काम करतो, मला बोलावणार नाहीत’ हा समज त्या काळाचा अवशेष आहे. जे खरोखर अपात्र आहेत त्यांत सध्या जामिनावर असलेले आणि गेल्या दहा वर्षांत तुरुंगवासाची शिक्षा झालेले लोक येतात; दीर्घ शिक्षा झालेल्यांना तर कायमचीच बंदी आहे.

पुढे ढकलता येते, पण एकदाच

आता पहिला प्रश्न. सूट आणि मुदत या दोन गोष्टींची आपल्या बोलण्यात नेहमी गल्लत होते. सूट म्हणजे येणे पूर्णपणे माफ. ती फार क्वचित मिळते. गंभीर आजार, ज्यावर दुसरा कोणताच तोडगा नाही अशी एखाद्याच्या शुश्रूषेची जबाबदारी, अशी कारणे लागतात. गेल्या दोन वर्षांत ज्यूरीत बसून झालेले असेल तर मात्र सूट हा हक्क असतो. ‘कामाचा हंगाम आहे’ या कारणावर सूट मिळण्याची आशा धरू नये. मुदत म्हणजे तारीख पुढे ढकलणे. ती मागण्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि कारण पटण्याजोगे असेल तर मिळतेही. परीक्षा, ठरलेली शस्त्रक्रिया, आधीच आरक्षित केलेला प्रवास, नुकतेच झालेले बाळंतपण, मालकाने रजा नाकारणे ही कारणे सरकारी मार्गदर्शनातच उदाहरणादाखल दिलेली आहेत. मालकाचे कारण असेल तर मालकाचे पत्र जोडावे लागते, आणि त्या पत्रात कामाचे नेमके काय बिघडेल हे लिहिलेले असावे लागते. ‘श्रीमती अमुक या आमच्या महत्त्वाच्या कर्मचारी आहेत’ एवढ्याने भागत नाही. महत्त्वाचा नसलेला कर्मचारी कोणाकडे असतो?

आपल्या अकाउंटंट बाईंनी काय करावे? समन्स नोव्हेंबरअखेरीस आले असेल तर त्याच आठवड्यात ऑनलाइन उत्तर द्यावे. किती विवरणपत्रे हातात आहेत, ३१ जानेवारीची मुदत चुकल्यास त्या लोकांना काय दंड बसतो, आणि हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवणे का शक्य नाही, हे दोन परिच्छेदांत लिहावे. मग येते खरी मेख. पुढे ढकलण्याची संधी एकदाच मिळते, आणि नवी तारीख मूळ तारखेपासून १२ महिन्यांच्या आतली असावी लागते. अर्जातच पुढील वर्षभरात कोणत्या तारखांना येणे शक्य नाही हे विचारलेले असते.

इथे आपली माणसे घाई करतात. जानेवारीची अडचण डोळ्यांसमोर असते, म्हणून ‘उन्हाळ्यात कधीही चालेल’ असे लिहून मोकळे होतात. मग ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, गावी जायची विमानाची तिकिटे, त्यानंतर गणपती, आणि नवे समन्स नेमके त्याच पंधरवड्यावर येऊन बसते. आता दुसऱ्यांदा ढकलण्याची सोय नसते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांसोबत कॅलेंडर घेऊन बसावे, मुलांच्या परीक्षा, भारतातील लग्ने, कंपनीची वर्षअखेर, सण हे सगळे मांडावे आणि मगच अडचणीच्या तारखा लिहाव्यात. फार तारखा अडवल्या तर अर्जच संशयास्पद दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. करसल्लागारासाठी मे महिना चांगला. शिक्षकासाठी तोच सर्वांत वाईट.

आणि एक वाट मुळीच धरू नये. ‘इंग्रजी येत नाही असे लिहून टाक’ हा सल्ला समारंभांत हसतहसत दिला जातो. ज्याला इंग्रजी पुरेसे समजत नाही त्याला कोर्ट खरोखरच मोकळे करते. शंका आली तर न्यायाधीश स्वतः त्या व्यक्तीशी बोलून ठरवतात. पण ज्यूरी टाळण्यासाठी खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. त्याखेरीज, या देशात इंग्रजीतून मुलाखत देऊन नोकरी मिळवलेल्या माणसाने असे लिहिणे हास्यास्पदही आहे. खरी भीती ज्यांना वाटते, म्हणजे उच्चार वेगळा आहे, वकिलांचे भराभर बोलणे कळेल का, त्यांनी हे जाणून असावे की साक्षीपुराव्याची भाषा बहुतेक वेळा साधी असते, आणि न समजलेली गोष्ट चिठ्ठी लिहून न्यायाधीशांना विचारता येते.

पगार कोण देणार?

याबाबत कायदा आणि लोकांची अपेक्षा यांत मोठे अंतर आहे. ज्यूरीसाठी रजा द्यावीच लागते, परंतु त्या दिवसांचा पगार देण्याचे बंधन मालकावर नाही. अनेक मोठ्या कंपन्या आणि सार्वजनिक संस्था पूर्ण पगार देतात किंवा भत्ता वजा करून उरलेला देतात. लहान दुकाने आणि कंत्राटी कामे यांत तसे होतेच असे नाही. आपल्या नेमणूकपत्रात काय आहे हे समन्स हातात घेऊनच वाचावे.

मालक पगार देत नसेल तर कोर्टाकडे नुकसानभरपाईचा भत्ता मागता येतो. पहिल्या दहा दिवसांसाठी त्याची कमाल मर्यादा दीर्घकाळ दिवसाला ६४.९५ पौंड अशी राहिलेली आहे, दिवसाचे काम चार तासांपेक्षा अधिक चालले तर. चार तासांपर्यंत त्याच्या निम्मी, ३२.४७ पौंड. समन्सासोबतच्या माहितीत जे दर छापलेले असतील ते आपल्यासाठी अंतिम मानावेत. पण दराचा अर्थ काय होतो तो पाहण्यासारखा आहे. दहा दिवसांचे मिळून ६४९ पौंड ५० पेन्स. २०२५ च्या एप्रिलपासून या देशातील प्रौढांचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. आठ तासांचे ९७ पौंडांहून अधिक. म्हणजे ज्या कामाला राज्यसंस्था नागरिकाचे सर्वोच्च कर्तव्य म्हणते, त्याची भरपाई तिनेच ठरवलेल्या किमान मजुरीपर्यंतही पोचत नाही. शिवाय मुले सांभाळायला कोणी ठेवले तर तो खर्चही याच मर्यादेत बसवावा लागतो. प्रवासखर्च वेगळा मिळतो. जेवणासाठी मिळणाऱ्या ५.७१ पौंडांत लंडनमध्ये सँडविच आणि चहा होईल. डबा नेलेला बरा.

स्वतःचा व्यवसाय असलेल्याला उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, उदाहरणार्थ आधीचे करविवरण. नोकरदाराने मालकाकडून उत्पन्न बुडाल्याचे प्रमाणपत्र भरून घ्यायचे असते, आणि ते पहिल्या दिवसाआधीच घ्यावे. पैसे दावा केल्यानंतर काही दिवसांनी खात्यात येतात. तोवर घरभाडे थांबत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला हे किती जड जाते याची कल्पना पगारदार माणसाला सहसा येत नाही.

नोकरीच्या सुरक्षिततेबाबत मात्र कायदा ठाम आहे. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये नंतर घातलेल्या कलमांनुसार ज्यूरीला गेल्याबद्दल नोकराला कामावरून काढणे बेकायदा ठरते, आणि त्याला इतर कोणत्याही रीतीने त्रास देणेही. एक अपवाद जाणून घ्यावा : तुमच्या गैरहजेरीने धंद्याचे भारी नुकसान होईल असे मालकाने तुम्हाला सांगितले आणि तरीही तुम्ही विनाकारण मुदत मागायला नकार दिला, तर हे संरक्षण जाऊ शकते. म्हणून ऐन हंगामात मालकाने विनंती केली असेल तर मुदतीचा अर्ज करावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. अर्ज मंजूर झाला नाही तरी तुमची बाजू शाबूत राहते.

कोर्टातला पंधरवडा

एजवेअरचा हाय स्ट्रीट म्हणजे रोमन काळापासूनचा वॉटलिंग स्ट्रीट. त्याच्या पूर्वेला बार्नेट कौन्सिल, पश्चिमेला हॅरो. समोरासमोरच्या घरांची मतदार यादी वेगळी, कचऱ्याच्या पेट्या वेगळ्या. पूर्वी इथल्या माणसाला हॅरो क्राउन कोर्ट सोयीचे पडे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या इमारतीत ‘राक’ नावाचे हलके, ठिसूळ काँक्रीट आढळले आणि ती बंद करून तिथले खटले इतरत्र न्यावे लागले. तेव्हा जवळचेच कोर्ट मिळेल हे गृहीत धरू नये. वुड ग्रीनचे आले तर एजवेअरहून २२१ क्रमांकाची बस जाते, पण सकाळच्या गर्दीत तिचा भरवसा धरण्यापेक्षा नॉर्दर्न लाइनने किंग्ज क्रॉस आणि तिथून पिकॅडिली लाइन हा लांबचा मार्ग अनेकांना बरा वाटेल. पहिल्या दिवशी उशीर करू नये एवढेच.

सेवा साधारणपणे दहा कामाच्या दिवसांची असते. खटला लांबला तर अधिक. फार लांब चालणाऱ्या खटल्यासाठी ज्यूरी निवडताना न्यायाधीश आधी कोणाला विशेष अडचण आहे का ते विचारतात. त्या वेळी गप्प राहून तिसऱ्या आठवड्यात तक्रार करण्यात अर्थ नाही. बहुतेक दिवस वाट पाहण्यातच जातात. ज्यूरीच्या प्रतीक्षागृहात लॅपटॉप वापरता येतो, त्यामुळे आपल्या अकाउंटंट बाईंची थोडी विवरणपत्रे तिथेही उरकू शकतात. मात्र विचारविनिमयाच्या खोलीत फोन आणि संगणक चालत नाहीत.

खटल्यासाठी पंधरा-सोळा जणांचा गट कोर्टात नेतात, कारकून त्यांतून बारा नावे चिठ्ठ्यांसारखी काढतो आणि प्रत्येकाला शपथ देतो. इथे एक छोटा प्रसंग आपल्या मनात राहतो. शपथ आपल्या धर्मग्रंथावर घेता येते. हिंदू ज्यूररसाठी भगवद्गीता असते. धर्मग्रंथ नको असेल त्याला निव्वळ प्रतिज्ञा करता येते आणि दोन्हींचे वजन कायद्यात सारखेच. पुराव्याला धरून खरा निकाल देईन, एवढाच शपथेचा आशय. हिंदी चित्रपटांत गीतेवर हात ठेवणारा नेहमी साक्षीदार किंवा आरोपी असतो. इथे निकाल देणारा तो हात ठेवतो.

त्यानंतरचे नियम कडक आहेत. खटल्याबद्दल घरी बोलायचे नाही. आरोपीचे नाव, घटनास्थळ, वकील, यांतले काहीही इंटरनेटवर शोधायचे नाही. हे नुसते शिष्टाचार नव्हेत : २०१५ च्या कायद्याने असा शोध घेणे आणि चर्चा उघड करणे हे गुन्हे ठरले, आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्याआधीही न्यायालयाच्या अवमानाखाली शिक्षा झालेल्या आहेत. २०११ मध्ये एका ज्यूरर स्त्रीने फेसबुकवरून आरोपीशी संपर्क साधला म्हणून तिला आठ महिन्यांची, तर २०१२ मध्ये दुसरीला आरोपीची माहिती इंटरनेटवर शोधल्याबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. ज्या समाजात रात्रीच्या जेवणाला ‘आज काय झालं कोर्टात?’ हा प्रश्न टाळणे जवळपास अशक्य आहे, आणि ज्यात कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेला आहे, तिथे हा नियम पाळणे सर्वांत कठीण. कोर्टात उघडपणे झालेल्या गोष्टींबद्दल खटला संपल्यावर बोलता येते. विचारविनिमयाच्या खोलीत कोण काय बोलले, ते मात्र कधीही नाही, नवऱ्याजवळ नाही आणि आईजवळही नाही.

निकाल एकमताने यावा हा संकेत. एकमत होत नसेल तर, किमान दोन तास दहा मिनिटे उलटल्यावर, न्यायाधीश १० विरुद्ध २ असा बहुमताचा निकाल स्वीकारायची परवानगी देऊ शकतात. ही सवलत १९६७ पासूनची आहे.

बारा अनोळखी माणसे आणि मराठी आठवणी

मराठी वाचकाच्या मनात ज्यूरी म्हटले की दोन खटले उभे राहतात, आणि दोन्ही मुंबईचे. ऐन कामाच्या दिवसांत दोन आठवडे का खर्चावेत, याचे उत्तर मला सरकारी पत्रकापेक्षा त्या दोन खटल्यांत अधिक स्पष्ट दिसते.

पहिला १९०८ चा. ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला. सरकारने खास ज्यूरी मागितली. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली : लेख मराठी आहेत, आणि खास ज्यूरीत मराठी न जाणणारे युरोपीय बहुसंख्य असतील. हरकत फेटाळली गेली. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी बसले. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि एकवीस तासांहून अधिक काळ त्या नऊ जणांपुढे भाषण केले. त्यातला बराचसा भाग एकेका मराठी शब्दाची छटा भाषांतरात कशी बदलली हे समजावण्यात गेला. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याआधीच्या, १८९७ च्या खटल्यातही निकाल सहा विरुद्ध तीन असा फुटलेला होता.

आज एजवेअरच्या मराठी माणसाला इंग्रजी पुरेसे कळते का हे न्यायाधीश पाहतात. १९०८ साली मुंबईत ज्यूरीला मराठी कळते का हा प्रश्न विचारण्याजोगा मानला गेला नाही. निकाल देणाऱ्याला आरोपीचे जग कळते की नाही, यावर माणसाची सहा वर्षे अवलंबून असू शकतात, याहून उघड उदाहरण आपल्या इतिहासात नाही. उद्या वुड ग्रीनच्या पिंजऱ्यात उभा असलेला मुलगा आपला असेल, किंवा आपल्या शेजारच्या सोमाली किंवा पोलिश कुटुंबातला असेल. त्या बारा जणांत त्याच्या वस्तीचा, त्याच्यासारख्या घराचा अनुभव असलेले कोणी असावे असे आपल्याला वाटत असेल, तर ते कोणी म्हणजे शेवटी आपल्यातलाच ऐन हंगामात बोलावला गेलेला एखादा माणूस.

दुसरा खटला १९५९ चा, नौदल अधिकारी कावस नानावटी यांचा. २०१६ च्या ‘रुस्तम’ चित्रपटामुळे तो नव्या पिढीलाही ठाऊक झाला. पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, सारे शहर दोन तट करून बोलू लागले, आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा निकाल पुराव्याशी विसंगत वाटला. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला होता, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. ज्यूरी रद्द करावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे या घटनेआधी केलेली होती. काही ठिकाणी ती पुढेही चालू राहिली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिचा पूर्ण निकाल लागला. पारशी विवाह न्यायालयांत मात्र आजही पाच प्रतिनिधी न्यायाधीशासोबत बसतात, हा त्या वृक्षाचा उरलेला एकमेव फुटवा. नानावटी प्रकरण वाचले की फोन बाजूला ठेवण्याचा इंग्रजी कोर्टाचा आग्रह जाचक वाटेनासा होतो. मुंबईच्या त्या नऊ जणांनी वर्तमानपत्रे वाचली नसती, तर निकाल तोच आला असता का?

ज्यूरीच्या बाजूने इथे भक्कम साक्षही आहे. डेव्हिड लॅमी यांच्या २०१७ च्या अहवालाला फौजदारी व्यवस्थेच्या अनेक टप्प्यांवर वांशिक विषमता दिसली. ज्यूरीचे निकाल मात्र आरोपीच्या वंशानुसार बदलत नाहीत असे आढळले. आणि हीच संस्था आता आकसते आहे. २०२५ मध्ये क्राउन कोर्टांत तुंबलेल्या खटल्यांची संख्या ७५ हजारांच्या वर गेली होती. त्या वर्षीच्या जुलैत सर ब्रायन लेव्हसन यांच्या समितीने काही प्रकारचे खटले ज्यूरीविना चालवावेत असे सुचवले, आणि डिसेंबरात न्यायमंत्री झालेल्या त्याच लॅमींनी त्याहून पुढे जाणारे प्रस्ताव मांडले. वाद अजून जोरात आहे. वर्षानुवर्षे खटल्याची वाट पाहणाऱ्या पीडितेचे म्हणणे एका पारड्यात आहे, १६७० पासूनची परंपरा दुसऱ्यात. त्या वर्षी ओल्ड बेलीत विल्यम पेन याला दोषी ठरवायला नकार देणाऱ्या ज्यूरीला अन्नपाण्याविना कोंडून ठेवले आणि दंड केला होता. एडवर्ड बुशेल या ज्यूररने दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला, आणि निकालाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही हे त्याच्या अर्जावर ठरले. आपण निदान जेवणाचा भत्ता कमी आहे म्हणून कुरकुरू शकतो.

शेवटी थोडे व्यवहाराचे. ‘तुम्ही ज्यूरीला हजर राहिला नाहीत, दंड फोनवरच भरा’ असे सांगणारे भामटे हल्ली फिरतात. कोर्ट फोनवर पैसे किंवा बँकेचा तपशील मागत नाही. फोन ठेवून द्यावा आणि समन्सावरच्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. सेवा संपल्यावर कोर्टाकडून हजेरीचा लेखी पुरावा मागून घ्यावा आणि समन्ससोबत जपून ठेवावा. दोन वर्षांच्या आत पुन्हा लिफाफा आला, तर सूट हक्काने मागण्यासाठी तोच कागद उपयोगी पडतो.